एका पायावरचा रखवालदार

७ जुलै, सोम.
सकाळीच कळंबच्या बप्पांचा फोन. बप्पा आम्हा ड्रोन-फवारणीवाल्यांचे अध्यक्ष, स्वतःच स्वतःला निवडून आलेले. "अण्णा, हरकती-सूचनांची मुदत संपत आली. सह्या कुठवर?" म्हणालो, झाल्या. लोहाऱ्यात माझ्या दुकानावर चहा पाजला की माणूस कागद न वाचता सही करतो. जुना अनुभव.
मागणी एकच. रखवालदाराची अट काढा. नियम म्हणतो, शेताच्या पल्याडच्या टोकाला लाल झेंडा घेऊन एक माणूस पाहिजे. कुणी मधे आलं की त्यानं झेंडा हलवायचा, इकडून चालकानं ड्रोन थांबवायचा. आणि दर उड्डाणाला त्याचा फोटो पाठवायचा. ऐन सोयाबीनच्या कामात नुसतं उभं राहायला माणूस मिळतो का? मिळालाच तर दुपारी बाभळीखाली सापडतो.
कायद्यानं ड्रोन म्हणजे विमानच. हिला म्हणालो, एसटी स्टँडवर पोतं टाकून फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या घरी आज दोन विमानं हायत. ही म्हणाली, "मग एकात बसवून तुळजापूरला न्या की."
मशीन १ साफ. मशीन २ साफ.
सूनबाईनं, अश्विनीनं, विचारलं, "मामा, रोज हे काय लिहिता?" ड्रोन तीच उडवते, परवाना तिचा. सांगितलं, पंपाच्या काळापासूनची खोड. आवाज ऐकायचा, लिहायचा. साफ म्हणजे चालू दे. खर म्हणजे बंद कर, खोल.
"मग तुमचा कान हाच माझा परवाना," म्हणाली. बरं वाटलं.

२९ जुलै, मंगळ.
आज नामी युक्ती केली. शेजारच्या ज्वारीत मागल्या साली लावलेलं बुजगावणं गोठ्यात पडलं होतं. त्याला अश्विनीचं नारिंगी जॅकेट घातलं, डोक्याला टोपी, हाताला लाल झेंडा बांधला. शेताच्या टोकाला रोवलं. लांबून फोटो काढला. हुबेहूब माणूस. पाठवला. पोच आली: 'प्राप्त'.
अश्विनी हसली, पण म्हणाली, "मामा, हे बरं नव्हं." म्हणालो, वर कुणी झूम करून बघत न्हाय.
नाव पडलं 'साहेब'. कारण उभा राहतो, काही करत नाही.
बप्पांना फोटो पाठवला. हसून हसून बेजार. "आमच्याकडं बी असा एक सायब पाठवा."
१ साफ. २ साफ.

१२ ऑगस्ट, मंगळ.
सकाळी ९. मशीन १ साफ. मशीन २ खर. मागची डावी मोटर. बारीक आहे. दोनच शेतं राहिलीत, वारा पडलाय. उद्या खोलू.

संध्याकाळ.
शोभाचा हात.
काय लिहू.
उसाच्या पल्याड सोयाबीन. अश्विनी अल्याड उभी. मधे ऊस पुरुषभर, पलीकडचं दिसत नाही. उडवायच्या आधी तिनं विचारलं होतं, "मामा, दोनचा आवाज बरा हाय ना?" मी म्हणालो, "वाऱ्याचा हाय. उडव."
वारा पडलेला होता.
शेवटच्या फेरीला मोटर गेली. मशीन तिरकं झालं, बांधावर आलं. बांधावर शोभा, कोंडाबाईची लेक, गवत कापत बसलेली. तोंडावर येतंय म्हणून तिनं उजवा हात आडवा धरला.
तिची किंकाळी उसापलीकडून ऐकली. माझा कान लांबचं ऐकतो. आज वाटलं, नसता तर बरं

१३ ऑगस्ट, बुध.
सोलापूरच्या दवाखान्यात. दोन बोटं तुटता तुटता वाचली, पण आतल्या शिरा तुटल्या, मिटणार नाहीत म्हणतात.
कागदावर काय लिहायचं विचारलं. डॉक्टर माझ्याकडं बघतात, मी शोभाकडं. ड्रोन म्हटलं की पोलीस, पोलीस म्हटलं की अश्विनीचा परवाना. मी तिच्या कानाशी वाकलो. "शोभा, कडबाकुट्टी म्हण."
ती गुंगीत होती. तरी म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, अण्णा."
कागदावर आलं: कडबाकुट्टीत हात गेला.
स्टँडवर मी ज्या पोत्यावर बसायचो ते तिच्या आईनं दिलेलं. कोंडाबाईनं. उन्हात बसतोस, खाली काहीतरी घे लेकरा, म्हणून. तेव्हा शोभा परकर-पोलक्यात, माझ्या पंपांचे वायसर मोजायची. तिची बोटं चपळ होती.

१ सप्टें., सोम.
महिन्याचा तक्ता भरायचा दिवस. उड्डाणे. क्षेत्र. रखवालदार: होय. शेवटचा रकाना: अपघात / घटना.
आपल्याकडं कोणत्याही कचेरीचा तक्ता घ्या, जनावरांचा रोग असो की विहिरीत पडलेला माणूस, शेवटच्या रकान्यात एकच शब्द सवयीनं पडतो. निरंक. हात थांबतच नाही. तलाठ्यापासून शाळामास्तरपर्यंत सगळ्यांचा हात त्या शब्दाला सरावलेला.
माझा थांबला. बराच वेळ.
मग लिहिलं. निरंक.
मशीन १ साफ. मशीन २ दुरुस्तीला.
अश्विनीनं त्या दिवसापासून रिमोटला हात लावला नाही. तिला वाटतं वळण घेताना तिची चूक झाली. मी म्हणालो, "होतं पोरी, हात बसंल हळूहळू." हे वाक्य लिहिताना लाज वाटतीय. बोलताना वाटली नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
आपटा द्यायला शोभाच्या घरी गेलो. तिनं डाव्या हातानं घेतला. पट्टी निघाली. दोन बोटं सरळ ताठ, खुरपं धरता येत नाही. आता ती शेजारणींची पोरं सांभाळते, त्या खुरपायला जातात.
"कसं काय शोभा?"
"हाय की. ही दोन बोटं आता सारखी वर. लोकांस्नी वाटतं म्या बोलायला परवानगी मागतीय."
हसली. मी पण हसलो. हसून बाहेर आलो आणि गाडी सुरूच करता येईना.

६ नोव्हें., गुरु.
दिल्लीच्या विमान खात्यातून बाई आल्या. सय्यद मॅडम. मूळच्या परभणीच्या, त्यामुळं बोली कळते, थाप चालत नाही. दुकानात स्टुलावरच बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या.
सांगत होत्या: आजवर नियम काढला की फाइल बंद व्हायची. आता असं ठरवलंय की नियम करण्याआधी आणि केल्यानंतर, दोन्ही वेळा तपासायचं. नियमानं खरंच काही फरक पडतो का? नसेल पडत तर काढायचा. "पण अण्णा, तपासायचं कशावर? तुम्ही पाठवता त्या तक्त्यांवर. दुसरं आमच्याजवळ आहे काय?"
मग म्हणाल्या, "तुमच्या भागाच्या नोंदी इतक्या नीटनेटक्या आहेत की नमुना म्हणून तुमच्याच घेतल्या."
मी कप खाली ठेवला.
आम्ही पाठवलेले फोटो बाहेर काढून बघत बसल्या. एकाएकी विचारलं, "तुमचा रखवालदार प्रत्येक फोटोत एकाच पायावर उभा कसा?"
मी म्हणालो, "मॅडम, आमच्याकडची माणसं निष्ठेची."
हसल्या. पण हसताना बघत होत्या. "भेटवा की."
"गावाला गेलाय."
"एका पायानं?"
दुकानातली माणसं हसली. मी पण. जाताना नंबर लिहून दिला, म्हणाल्या, "काही आठवलं तर सांगा. आम्हाला खोटं सापडत नाही असं नाही. पण उशिरा सापडतं. तोवर नियम झालेला असतो."

२० नोव्हें., गुरु.
मसुदा आला. रखवालदाराची अट काढण्याचा प्रस्ताव. आमच्या हरकतीची दखल घेतल्याचं वर लिहिलंय.
खाली कारण दिलंय. तीनदा वाचलं, मग अश्विनीकडून परत वाचून घेतलं. काही गावांत रखवालदारासह उडवलं, काही गावांत प्रयोग म्हणून त्याच्याशिवाय. दोन्हीकडं अपघात निरंक. म्हणजे रखवालदार असला काय, नसला काय, फरक नाही. म्हणून काढावा.
'रखवालदारासह' च्या यादीत आम्ही.
आम्ही खरं तर 'त्याच्याशिवाय' वाले. आणि आमच्याकडं निरंक नव्हतं.
म्हणजे मी एकाच तक्त्यात दोन खोटं लिहिलं. त्या दोन खोट्यांवर आता सगळ्या देशाचा नियम उभा राहायलाय. एका पायावर.
बप्पांचा फोन. "अण्णा! जिंकलो! पेढे!" पाठीमागं फटाके ऐकू येत होते.
म्हणालो, बप्पा, शोभाचं काय?
फटाके ऐकू येत राहिले. मग: "कोन शोभा? कडबाकुट्टीवाली?"

२४ नोव्हें., सोम.
अश्विनीला सांगितलं. अंगणात ती कपडे वाळत घालत होती. वही उघडून १२ ऑगस्टचं पान पुढं धरलं. सकाळी ९. मशीन २ खर.
वाचलं. हातातला टॉवेल पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.
"म्या विचारलं होतं, मामा."
"व्हय."
"तुमी वारा म्हणालात."
"व्हय."
"साडेतीन महिने मी रोज ते वळण डोळ्यापुढं घेते. डावीकडं घ्यायला पाहिजे होतं का उजवीकडं. झोपेत माझा अंगठा हालतो. ह्यांनी सांगितलं मला."
टॉवेल दोरीवर टाकला आणि आत गेली. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. या घरात आल्यापासून मी तिला 'पोरी' म्हणतो. आज तोंडातून शब्द आला नाही.

८ डिसें., सोम.
मसुद्यावर जाहीर सुनावणी. धाराशिवला, २३ तारखेला, कलेक्टर कचेरीच्या सभागृहात. मॅडम येणार. आमच्याकडून बोलायला बप्पांनी माझं नाव दिलंय. "तुमच्यासारखं गोड कोन बोलतंय, अण्णा?"
मी सांगितलं, मी खरं बोलणार असेन तर?
बप्पा आधी हसले. मग गोड आवाजात, "तुमचं एक खरं आमच्या सगळ्यांच्या पोटावर. तुमची सूनबाई तुरुंगात, तुमच्या दुकानाला कुलूप. आन् त्या बाईचं बोट मिटणार हाय का त्यानं? बघा बुवा. तुमी शाने."
शहाणा आहे. तीच तर अडचण.

१९ डिसें., शुक्र. येळवस, वेळ अमावास्या.
आख्खं गाव शेतात. कडब्याची कोप, तीत पुजायचे पाच पांडवांचे दगड, मग भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाका मारून जेवू घालायचं, कुणाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. बांधावरून शोभा चालली होती, कडेवर शेजारणीचं पोर. हाक मारली. आली.
पानावर बसली. उजवा हात पदराखाली. डाव्या हातानं भज्जी कालवली, उंडा मोडेना. अश्विनीनं न बोलता तो मोडून तिच्या पानात ठेवला.
ज्वारीत 'साहेब' उभा होता, पाखरांसाठी. जॅकेट तसंच अंगावर. शोभा त्याच्याकडं बघतच राहिली. घास हातात.
"त्यो हाय व्हय," म्हणाली. "बुजगावणं हाय त्यो?"
मी मान डोलावली.
"त्या दिशी म्या बांधावर बसले ते त्याच्याकडं बघून. वर घरघर आली, म्हनलं उठावं का. मग म्हनलं, सायब हुबा हाय झेंडा घिऊन. काय असलं तर हालवंल की. बघत व्हते म्या त्याच्याकडं. हालला न्हाय, म्हनून बसले."
आंबिलीचा तांब्या माझ्या हातातच राहिला.
चार महिने मी समजत होतो, माझा गुन्हा आवाजाचा. तो होताच. पण साहेब नसता तर मशीन पडलं असतं तरी ती तिथं नसती. ती तिथं बसली ती माझ्या युक्तीवर विश्वास ठेवून. खरा माणूस नसता, नुसतं रिकामं टोक असतं, तरी ती उठली असती.
तिला सगळं सांगितलं. खर. वारा नव्हता. तक्ता. मसुदा. सुनावणी. म्हणालो, "शोभा, मी खरं सांगायचं म्हणतोय. तू कडबाकुट्टी सांगितलंस, म्हणून तुझी परवानगी पाहिजे. तुला बी बोलावं लागंल."
ती डाव्या हातानं पान पुसत होती.
"खोटं बी माज्याच तोंडानं. आता खरं बी माज्याच तोंडानं? तुमाला हलकं वाटावं म्हनून?"
पोर उचललं. "आंबील चांगली झालीया, काकू," हिला म्हणाली आणि गेली.
अश्विनी उठली, ज्वारीत शिरली, साहेबाचं जॅकेट काढून घेऊन आली. घडी घातली. खाली नुसते दोन बांबू राहिले, एक उभा, एक आडवा.

२१ डिसें., रवि.
सुनावणीचा अर्ज भरायला बसलो. बोलणारा कोण? चौकोन चार: चालक. मालक. कंपनी. इतर.
मालकावर खूण केली. मग बघत राहिलो. ज्याच्या डोक्यावरून विमान जातं, त्याला चौकोन नाही. आमच्या जुलैच्या कागदावर सगळ्या सह्या उडवणाऱ्यांच्या. खाली असणाऱ्या एकाचीही नाही. मीच गोळा केलेल्या. चहा पाजून. दिल्लीला दोष देणं सोपं. पण त्यांच्यापर्यंत कुणाचा आवाज जाईल, हे इथं स्टुलावर बसून मी ठरवलं.
हे मॅडमना सांगावं असं वाटतं. नियम कसा करावा तर, आधी खालच्याला विचारावं. पण हे सांगायला तोंड पाहिजे. मालकाचं तोंड घेऊन कसं सांगू?
संध्याकाळी शोभा दुकानावर आली. स्टुलावर बसली नाही.
"म्या येते मंगळवारी."
"शोभा,"
"ऐका आधी. तुमी काय बोलायचं ते तुमचं तुमी बोला. म्या माजं बोलंन. तुमच्यासाठी न्हाय येत म्या. ज्या ज्या गावात असा सायब हुबा आसंल, तिथल्या बायकांसाठी येते. आन् तुमी म्हनाल तसं आता म्हननार न्हाय."
"काय बोलशील?"
"त्ये तिथं कळंल."
अर्ज तिच्यासाठी दुसरा भरला. खूण कुठं करू विचारलं. चौकोन वाचून दाखवले.
"चवथा," म्हणाली.

२३ डिसें., मंगळ.
धाराशिव. सभागृहाबाहेरचा बाक. साडेअकरा.
सकाळी सात वाजता निघालो. अश्विनीनं गाडी चालवली.  मागल्या सीटवर शोभाच्या शेजारी पिशवी, पिशवीत जॅकेट. ही वही माझ्याकडं. १२ ऑगस्टचं पान दुमडलेलं.
दारात बप्पा. टोपी, हार, पेढ्याचा पुडा. शोभाकडं बघून मला बाजूला घेतलं. "ह्यांना कशाला आणलं?" मी काही बोलायच्या आत शोभाच म्हणाली, "बप्पा, आणलं न्हाय. आले."
नोंदणीच्या टेबलावर कारकुनानं रजिस्टर फिरवलं. "चालक का मालक, बाई?"
"इतर."
पेन डाव्या हातात धरलं. सही करायला तिला इतका वेळ लागला की मागची रांग चुळबुळायला लागली. कारकून म्हणाला, अंगठा चालंल. ती म्हणाली, "सही येती मला." आणि पुरी केली. आडनावासकट.
मग पदरातून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. झाकायला विसरली असेल, किंवा

बारा वाजले. 'इतर' आधी घेतायत. मॅडमनी क्रम बदलला म्हणे. शोभा आत गेली, पिशवी घेऊन. दार लावलं.
बप्पा समोरच्या बाकावर. पेढ्याचा पुडा मांडीवर तसाच. बघत नाहीत माझ्याकडं. म्हणाले फक्त, "अजून वेळ हाय, अण्णा. तुमी नुसतं हो हो म्हना, बाकी मी बघतो."
अश्विनी खिडकीशी. तिचा उजवा अंगठा हालतोय. तिला माहीत नाही.
पंपाचा वायसर गेलाय हे मी रस्त्यापलीकडून ओळखायचो. या दाराला कान लावलाय मनानं. पंखा ऐकू येतो, त्याच्या बेअरिंगमधे खर आहे. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग काहीच नाही. शोभा बोलतीय का गप्प आहे, मला ऐकू येत नाही. सगळं आत एकदम गप्प झालंय एवढं ऐकू येतं.

दार उघडलं. शिपाई. माझं नाव.
शोभा बाहेर आली नाही, आतच बसलीय. मॅडमच्या टेबलावर नारिंगी जॅकेट.
बप्पा उठून उभे. अश्विनी बघतीय. वही खिशात ठेवू का १२ ऑगस्टचं पान उघडून हातात धरून